दिवे बंद करा, नळही

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसाऱ्याच्या घाटात कंटेनरच्या मागे रांगत जाणं संपलं. आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी थेट इगतपुरीच्या अंगाला निघते. तिथून घोटी, घोटीहून बारी, बारीहून शेंडी. ठाण्यातून पहाटे निघालेलं कुटुंब न्याहारीला भंडारदरा धरणाच्या भिंतीपाशी असतं. रस्ता झाला, बरं झालं. रस्त्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते आपण निवडलेल्या महिन्याशी. शाळांना सुट्टी, ऑफिसात रजा, शहरात घामाच्या धारा, म्हणून आपण मे महिन्यात डोंगर गाठतो. भंडारदरा ज्यात येतं त्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांसाठी हाच महिना वर्षातला सगळ्यात कष्टाचा. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पाऊस कोसळायच्या आत उरकायची कामं डोक्यावर असतात. आपली सुट्टी नेमकी त्यांच्या टंचाईवर येऊन बसते. हे ध्यानात घेऊन जाणार असाल तर अवश्य जा. नसेल जमत तर घरी बसा, पंखा लावा, डोंगराला त्रास देऊ नका.

ज्यांनी हा फेरा केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेंडीतून निघून धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग हे तीन गड खांद्याला खांदा लावून उभे. दुसऱ्या अंगाला रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचं नेढं. रतनवाडीत शिलाहारांच्या काळातलं अमृतेश्वराचं मंदिर आणि कोरीव देवकोष्ठांची पुष्करणी. साम्रदला जमीन चिरून आत गेलेली सांदण दरी, घाटघरला एकदम खाली कोकण दाखवणारा कडा. एका दिवसाच्या गाडीरस्त्यावर एवढं सगळं मला तरी महाराष्ट्रात दुसरीकडे माहीत नाही. आणि हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. १९८६ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. रस्त्याकडेला तशा पाट्याही आहेत. गाडी जरा हळू हाकली तर त्या वाचता येतात.

आता पाणी. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या सहा-सात पट. तरी मे महिन्यात त्याच पट्ट्यातल्या वाड्यांत विहिरीवर हंड्यांची रांग असते. याचं कारण खडकात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. काही भेगाळलेले, काही घट्ट. त्यावर माती वीत-दोन वीत, उतार अंगावर येणारे. चार महिने धो धो पडलेलं पाणी थांबतच नाही. ओढ्यानं प्रवरेत आणि प्रवरेनं धरणात जातं. भेगांत जे थोडंफार मुरतं त्यावर झरे आणि विहिरी तगतात. होळी झाली की त्यांचा जीव खालावायला लागतो.

भंडारदरा धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. साठा अकरा टीएमसीचा. ते पाणी बांधलं गेलं खालच्या शेतीसाठी, आणि शंभर वर्षं ते कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं आहे, ऊस पोसतं आहे. वाडीतली बाई विहिरीवर उभी असते तेव्हा तिला खाली ते पाणी दिसत असतं. ते वर चढवायला पंप लागतो, पंपाला वीज आणि विजेच्या बिलाला ग्रामपंचायतीकडे पैसा. याच तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. तिथे खालच्या धरणातलं पाणी पंपांनी पुन्हा घाटमाथ्यावर चढवतात, रात्रीची उरलेली वीज त्यासाठी वापरतात. २००८पासून ते चालू आहे. पाणी डोंगर चढतं, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. मग ते वाडीच्या टाकीपर्यंत बारमाही का चढत नाही, हे मंत्रालयातल्या कुणीतरी वाडीत येऊन, विहिरीच्या काठावर उभं राहून सांगावं.

घाटमाथ्यावरच्या अशाच एका वाडीत उन्हाळ्यात मुक्कामाला होतो. पहाटे बोलण्याच्या आवाजानं जाग आली म्हणून बाहेर आलो. विहिरीवर बॅटरीच्या उजेडात सात-आठ बायका. एक चौदा-पंधरा वर्षांची पोर कपारीला पाय लावत तळाशी उतरलेली. खाली पाण्याचा डबरा परातीएवढा. ती वाटीनं कळशी भरायची, वरच्या दोघी दोर ओढायच्या, पदराची दुहेरी घडी कळशीवर धरून पाणी हंड्यात गाळायच्या. वाटी खडकाला घासल्याचा आवाज यायला लागला की पोर थांबायची. झिरपा जमेपर्यंत सगळ्या गप्प बसून राहायच्या. मग पुन्हा वाटी.

“मावशी, नंबर यायला किती वेळ लागतो?” मी विचारलं.

“उजाडतं, दादा. मंग लगेच भाकरीला बसायचं.” थोडं थांबून ती म्हणाली, “परवा तंबूत पाव्हणं आलं व्हतं ना, त्यांनी खालच्या ढवावर गाडी धुतली. गुरं त्याच्यावर पितात आमची.”

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं. मी तक्रार म्हणूनच इथे छापतो आहे.

आकडे मांडून पाहू. टंचाईत टँकर लागला तर ग्रामीण भागासाठी सरकारी माप माणशी रोज २० लिटर. पिणं, रांधणं, धुणं, अंघोळ सगळं त्यात. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटर. आपल्या अंघोळीची एक बादली पंधरा ते वीस लिटरची असते. म्हणजे आपण सकाळी एक बादली अंगावर ओतली की टँकरवर जगणाऱ्या एका माणसाचा दिवस संपला. शॉवर असेल तर त्याच्या घरादाराचा. आणि डोंगरातल्या मुक्कामाच्या जाहिराती उघडून बघा. अंगणात पोहायचा तलाव, निळ्या फरशीचा, कडेला आरामखुर्च्या. मे महिन्यात. अशा ठिकाणी खोली घेणं हे मला उघड उघड गैर वाटतं. मालकाला विचारा, पाणी कुठून आणता? बोअरमधून, असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: शेजारच्या वाडीची विहीर या बोअरपासून किती लांब आहे? उत्तर द्यायला तो अडखळला तर पैसे परत मागा आणि दुसरीकडे जा.

करायचं काय, तेही सांगतो. घोटीला किंवा राजूरला थांबून पिण्याच्या पाण्याचे मोठे जार गाडीत टाका, छोट्या बाटल्यांचा खोका नको. दोन दिवसांसाठी अंघोळ अर्ध्या बादलीत होते. अंग पुसूनही भागतं. गाडी तशीच धुळीची ठेवा. ओढ्यात, डोहात साबण लावू नका, कारण खाली गुरं आहेत, तीही साधी नाहीत, डांगी आहेत, या पावसासाठीच घडलेली जात आहे. आणि जिथे उतराल तिथल्या बाईला पाणी कोण भरतं, असं विचारा. विचारल्यावर हात आपोआप आखडतो.

मेचा शेवटचा आठवडा आला की काजवे. रस्त्याला खरी गर्दी तेव्हा होते.

काजव्याचं आयुष्य बहुतेक सगळं जमिनीवर जातं. अळी ओल्या पालापाचोळ्यात राहते, गोगलगायी आणि गांडुळं खाते आणि पुढच्या वळवाची वाट बघते. पंख फुटलेला काजवा जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो, अंडी घालून घ्यायची असतात. नर उडत उडत आपल्या जातीचा ठरलेला संकेत देतो. अनेक जातींच्या माद्या खाली गवतावर, झुडपावर बसून उत्तर देतात. भंडारदऱ्याच्या पट्ट्यात सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी नर जमतात आणि काही वेळानं सगळे एका ठेक्यात लखलखायला लागतात. झाड पेटतं, विझतं, पेटतं. एका झाडाचा ठेका शेजारच्या झाडाला जातो, तिथून ओढ्यापलीकडे. हे बघून न हललेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

यासाठी लागतो तो काळोख. काजव्याच्या पोटातला प्रकाश इतका थोडा असतो की गाडीच्या हेडलाइटसमोर तो संकेत उरतच नाही. नर लुकलुकतो, मादीला दिसत नाही. मादी उत्तर देते, नराला दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यातला एक शनिवार वाया जातो, आणि नेमका शनिवारीच हा तमाशा सगळ्यात मोठा असतो. उडदावण्याच्या पुढच्या वळणांवर मी तो बघितला आहे. गाडीला गाडी लागलेली, प्रत्येकीचे दिवे झळझळीत, कारण पुढच्यानं बंद केले तर मागच्याला रस्ता दिसत नाही. हॉर्न. खिडकीतून बाहेर काढलेले मोबाइल, त्यांचे फ्लॅश. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन थेट झाडाखाली गवतात घुसला, आणि त्याच्या मागे त्याच्या सोबतची दहा-बारा माणसं. ज्या गवतात माद्या बसलेल्या असतात त्याच गवतात. पोराच्या हातात झाकणाला भोकं पाडलेली बरणी होती.

त्या बापावर मी ओरडलो. पुन्हा ओरडेन.

वनखातं दर वर्षी सूचना काढतं. प्रखर दिवे नकोत, फ्लॅश नको, आवाज नको, झाडाजवळ जायचं नाही, अमुक वेळेनंतर थांबायचं नाही. नाक्यावर प्रवेशशुल्कही घेतात. सूचना योग्य आहेत. पण शनिवारच्या रात्री शेकड्यांनी आलेल्या गाड्यांसमोर हातात शिटी घेतलेला एक वनमजूर उभा करून त्या पाळल्या जाणार नाहीत, हे कळायला कुठल्या समितीच्या अहवालाची गरज नाही. गाड्या आधीच अडवायला हव्यात. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोज किती माणसं येणार याला मर्यादा घातली, आधी नोंदणी लावली, पठारावर गाडी न्यायला बंदी केली. साताऱ्याला जे जमलं ते अकोल्याच्या डोंगरात का जमू नये? शेंडीला गाड्या लावायच्या, पुढे एसटीच्या गाड्यांनी जायचं. एका एसटीत चाळीस-पन्नास माणसं बसतात. हेडलाइट दोनच असतात. वळणावर चालकानं ते बंद करून इंजिनही बंद केलं की खिडकीतून सगळं दिसतं. महामंडळाला उत्पन्न, काजव्यांना काळोख. यात अवघड काय आहे?

आणि एक. काजवे बघायला शुक्रवार-शनिवारच पाहिजे असं नाही. सोमवारी जा, मंगळवारी जा. अमावास्येच्या आगेमागे जा. सुट्टी तर महिनाभर आहेच ना मुलांना.

चालायला येणाऱ्यांचं वेगळंच. कळसूबाई हा १६४६ मीटरचा, राज्यातला सगळ्यात उंच माथा. बारीतून वाट निघते, मध्ये लोखंडी शिड्या लागतात. मे महिन्यात ही वाट पहाटे चढायची आणि उन्हं तापायच्या आत उतरायचं, हे तिथलं कुणीही सांगेल. दहा वाजल्यानंतर ऊन नुसतं वरून भाजत नाही, काळा कातळ खालूनही भाजतो. शिडीच्या लोखंडाला हात लावायची सोय उरत नाही. तरी उशिरा उठून, भरपेट नाश्ता करून, अर्ध्या लिटरच्या बाटलीवर निघालेली मंडळी दर रविवारी दिसतात. भरदुपारी कुणीतरी बसकण मारतं, ओठ पांढरे पडतात, मग खालून पोरं पळतात. बारीची, जहागीरदारवाडीची पोरं. ती त्या माणसाला पाठीवर घेऊन उतरवतात आणि त्याला हात जोडून सांगतात, दादा, पुढच्या वेळी लवकर या. मी असतो तर हात जोडले नसते.

सांदणचं त्याहून गंभीर. दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढीच जागा, पायाखाली घरंगळलेले धोंडे, आणि उन्हाळ्यातही दोन ठिकाणी कमरेपर्यंत लागणारं गार पाणी. पुढचे कडे दोरानं उतरावे लागतात. ही दरी उन्हाळ्या-हिवाळ्यातच करायची, पावसाळ्यात ती ओढा असते. पण मेच्या अखेरीस वळीव येतो आणि तो सांगून येत नाही. आभाळ रतनगडाच्या मागे भरतं, दरीत उभ्या माणसाला ते पट्टीभर आकाश निळंच दिसत राहतं. साम्रदचा माणूस वाऱ्याचा वास बदलला की गटाला मागे फिरवतो. ज्यांनी इंटरनेटवरून वाटेचा नकाशा उतरवून घेतलेला असतो त्यांना हा वास कुणी उतरवून देत नाही.

म्हणून वाटाड्या घ्या, आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. चार जणांच्या गटाला वाटाड्याचे पैसे माणशी एका पिझ्झ्याहून जास्त पडत नाहीत. त्या पैशांत तो वाट दाखवतो, दोर धरतो, पोराला उचलून घेतो. शिवाय बोलता आलं तर पुष्कळ सांगतो. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आपण ठाण्याहूनच इकडे येतो आणि तेही मे महिन्यात. एवढं नाव तरी घरातल्या मुलांना ठाऊक असावं. वाटाड्याला विचारलं की तो त्यांचे लपायचे कडे हातानं दाखवतो.

शेकोटी हा आणखी एक रोग. मे महिन्यात, चाळीस अंशांच्या दिवसानंतर, शेकोटी कशाला लागते? गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. एक ठिणगी पुरते आणि डोंगर पेटतो. वणव्यात गवत जळतं, म्हणजे गुरांचा चारा जळतो. पालापाचोळा जळतो, म्हणजे काजव्याची अळी जळते. हिरड्याची रोपं जळतात, म्हणजे पुढच्या पिढीची मिळकत जळते. तंबूवाल्यानं शेकोटी ‘पॅकेज’मध्ये दिली असली तरी नको म्हणा.

हिरड्यावरून आठवलं. उन्हाळ्यात या घरांत बाळहिरडा अंगणात वाळत पडलेला दिसतो, काळा, सुरकुतलेला, मनुक्याच्या आकाराचा. कोवळं फळ झाडावरून उतरवायचं, वाळवायचं, विकायचं. वर्षाची रोकड यातून येते. भात बहुधा घरात खायला लागतो. याच दिवसांत भाताच्या रोपासाठी राब भाजून झालेले असतात, घरं शाकारायची असतात, सरपण आणि गोवऱ्या पावसाआधी आत घ्यायच्या असतात, बांध घालायचे असतात, आणि लग्नं तर याच महिन्यात. गाव कामाला जुंपलेलं असतं. आपण त्यात जाऊन अंगणात वाळत घातलेल्या हिरड्यावरून गाडी वळवतो आणि शाकारणी करणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणतो, बाबा, जरा इकडे बघा, फोटो काढायचाय. बाबा बघतात, कारण आलेल्याला नाही म्हणायची त्यांना सवय नाही. त्या सवयीचा गैरफायदा घेऊ नका. खरोखर हौस असेल तर गाडीतून उतरा, पेंढ्या वर द्या, तासभर त्यांच्याबरोबर राबा, मग फोटोचं विचारा.

जेवणाचंही तसंच. नागलीची भाकरी, हुलग्याचं कालवण, खुरासणीची चटणी, काळभात किंवा जिरवेल तांदूळ, करवंदाचं लोणचं. या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरच्या देशी बियाण्यांचं जतन केलं आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२० साली. ज्या मातीतलं बियाणं देशानं गौरवलं त्या मातीत जाऊन आपण पनीर आणि नूडल्स मागतो, मग गावातला तरुण घोटीहून पनीर आणतो आणि त्याच्या आईची चटणी ताटातून उतरते. मागणी आपली असते. ती बदलली की ताट बदलतं. पुरुषवाडीत बरीच वर्षं पाहुणे गावकऱ्यांच्या घरातच उतरतात, त्यांच्या चुलीवरचं जेवतात, गावातल्याच माणसाबरोबर शेतं आणि काजवे बघतात. पैसा घराघरांत जातो. हे जमतं, चालतं, गावाला आवडतं. याच तालुक्यातलं आहे, परदेशातून काही आणायचं नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: गावालाच पर्यटन हवं आहे, तुम्ही कोण अडवणारे? गावाला हवंच आहे, आणि मिळालंच पाहिजे. नारायणगावला टोमॅटो तोडायला जाण्यापेक्षा घरी राहून चार पैसे मिळत असतील तर कोण सोडेल? पण पाण्याच्या काठचे कितीतरी तंबू कुणाचे आहेत ते बघा. जागा भाड्यानं, मालक शहरातला, नोंदणी शहरातल्या फोनवर, आणि गावच्या पोराच्या वाट्याला गाड्या लावून घेण्याचं काम आणि सकाळी बाटल्या गोळा करण्याचं. गावाच्या नावानं दुसऱ्याचाच धंदा चालला आहे. हा पेसा कायद्याखालचा आदिवासी भाग आहे. ग्रामसभेला इथे अधिकार आहेत आणि ते कागदावरून बाहेर यायला हवेत. एका रात्री आपल्या शिवारात किती तंबू, किती गाड्या, लाउडस्पीकर की नाही, हे गावानं बसून ठरवावं. ठरवलेलं पाळलं नाही तर तंबू उचलायचा हक्कही गावाकडेच असावा, आणि त्या वेळी वनखात्यानं आणि पोलिसांनी गावाच्या बाजूला उभं राहावं.

आणि पैशाचा हिशेब उघडा असावा. काजव्यांच्या हंगामात नाक्यावर किती शुल्क जमलं, त्यातलं कुठल्या वाडीला किती गेलं, हे शेंडीच्या चौकात फळ्यावर लिहा. त्यातला पहिला हिस्सा विहिरींचा गाळ काढायला, झऱ्यांना कुंपण घालायला, धरणातून वाडीत पाणी चढवणाऱ्या पंपाच्या वीजबिलाला द्या. जिल्हा परिषदेनं हे पुढच्या मार्चच्या आत करावं. एप्रिलमध्ये बैठका लागल्या तर मे येईलच, आणि मग पुन्हा टँकर आणि गाड्या एकाच रस्त्यावर एकमेकांना वाट मागत उभे राहतील. त्यात टँकरला आधी सोडा.